आंबटपणाचा हिशेब: चाचणी प्लॉटच्या नोंदी, हंगाम 2025–26

14 सप्टेंबर 2025, सानपाडा, नवी मुंबई

चाचणी प्लॉटच्या सगळ्या नोंदी आजपासून एकाच वहीत. बाग आणि वायनरी नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात, तिथे काका आणि दादा. इकडे अण्णा आणि मी. 1996 मध्ये फळबाजार वाशीला आला तेव्हापासून घरच्या खायच्या द्राक्षांची विक्री अण्णा इथूनच बघतात. मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तपासणी माझ्याकडे.

या हंगामात प्रश्न एकच ठेवला आहे. आपण लावलेल्या परदेशी वाणांपैकी कोणाचा आंबटपणा पिकेपर्यंत टिकतो? साखरेची काळजी नाही. आपल्याकडे ऊन एवढं आहे की 22 ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) पोचायला कोणताच वाण कुरकुरत नाही. अडतं ते आम्लापाशी. मण्यात मुख्य आम्लं दोन, टार्टरिक आणि मॅलिक. पिकताना मॅलिक आम्ल वेल स्वतःच श्वसनात जाळतो, आणि उकाडा जितका जास्त तितकं ते भराभर संपतं. टार्टरिक टिकतं, पण मुळांनी ओढलेलं पोटॅशियम त्याच्याशी जोडलं जातं आणि पीएच चढतो (पीएच जास्त म्हणजे आंबटपणा कमी). पीएच चढला की वाइन सपक लागते, रंग मरगळतो आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. हे सगळं नंतर टाकीत दुरुस्त करता येतं. मला ते वेलीवरच साधलेलं हवं आहे.

चाचणीतले वाण: ग्रिलो (इटलीतल्या सिसिली बेटाचा पांढरा), टेम्प्रानिलो (स्पेनचा लाल), सांजोव्हेसे (इटलीतल्या टस्कनीचा लाल). प्रत्येकी पाव एकर. टेम्प्रानिलोच्या अर्ध्या ओळी डॉगरिज खुंटावर (खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर वाणाचं कलम बांधतात तो वेल) आणि अर्ध्या 110 आर या खुंटावर आहेत. बाकी दोन्ही वाण पूर्ण 110 आर वर. जुनं चेनिन ब्लाँ आणि कॅबरने सोव्हिनियन शेजारीच आहे, वायनरी त्यांच्यावर चालते, पण ते या चाचणीत नाहीत.

काकांचा आक्षेप लिहून ठेवते, कारण तो बिनबुडाचा नाही. ते म्हणतात, "अगं, दुकानात गिऱ्हाईक कॅबरने मागतं. ग्रिलो म्हटलं तर कोण विचारणार?" मी त्यांना फ्रान्समधल्या बोर्डोचं उदाहरण दिलं. कॅबरनेचं ते माहेर. तिथेसुद्धा 2021 मध्ये, उन्हाळे तापत चालले म्हणून, सहा नव्या वाणांना परवानगी मिळाली. त्यांत पोर्तुगालचा तुरिगा नासियोनाल आणि इबेरियातला अल्व्हारिन्हो आहे. जिथे नावाची किंमत जगात सगळ्यात जास्त, तिथले लोक हवामान बघून वाण बदलत आहेत. आपल्याला तर राखायला तसं नावही नाही. आपण हवामानापासूनच सुरुवात केली पाहिजे.

17 सप्टेंबर

काडी तपासणीचा अहवाल आला. छाटणीच्या आधी प्रत्येक वाणाच्या काड्या देऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतले, कुठल्या डोळ्यात घड आहे आणि कुठल्यात नुसत्या बाळ्या (वेलीचे आधार धरणारे तंतू), हे कळावं म्हणून.

यंदा हे न करता छाटणी करणं म्हणजे आंधळेपणाने कात्री चालवणं झालं असतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचे साधारण चाळीस ते साठ दिवस डोळ्यांत घड तयार होण्याचे, आणि त्याला स्वच्छ ऊन लागतं. यंदा मेमध्येच पाऊस आला, मुंबईत तर मान्सून 26 मेला दाखल झाला. ऐन घड धरायच्या काळात ढग. सगळ्या भागात हीच रड आहे.

अहवालाप्रमाणे ग्रिलोचे खालचे डोळे बरेचसे वांझ आहेत, घड सहाव्या-सातव्या डोळ्याच्या पुढे. सांजोव्हेसे त्या मानाने बरं. टेम्प्रानिलो मध्ये. दादाला कळवलं: ग्रिलोची काडी लांब राखायची, सबकेनवर (काडीवर फुटलेल्या उपकाडीवर) गाठीच्या पुढे निदान दोन डोळे जास्त.

20 सप्टेंबर

छाटणीच्या तारखांवरून फोनवर बराच वेळ चर्चा. हा या प्रकल्पाचा कणा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात जागा होतो आणि शरद ऋतूत थंडी वाढत असताना पिकतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. आपण त्याला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी घ्यायची, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीने फळ. फळ पिकतं ते जानेवारी ते मार्च, म्हणजे थंडी सरून ऊन चढत असताना. तिकडच्या नेमकं उलट. तिकडे शेवटच्या पंधरवड्यात रात्री गार होत जातात, आपल्याकडे दिवस तापत जातात. सिसिली किंवा स्पेनमधल्या ला रिओहाच्या माणसाने लिहिलेलं वाणाचं वर्णन आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही ते यामुळे.

मग आंबटपणा हवा असेल तर छाटणी लवकर घ्यावी, म्हणजे माल जानेवारीच्या थंडीत पिकेल. पण सप्टेंबरात छाटलं की कोवळी फूट पावसात सापडते आणि डाऊनी (केवडा रोग) येतो. रोग नको तर ऑक्टोबरच्या मध्यावर छाटा, मग पिकणं मार्चच्या उन्हात. प्रत्येक वाणासाठी या दोन टोकांमध्ये जागा शोधायची आहे.

ठरलं ते असं: ग्रिलो 22 सप्टेंबर, टेम्प्रानिलो 28 सप्टेंबर, सांजोव्हेसे 6 ऑक्टोबर. टेम्प्रानिलो लवकर पिकणारा वाण असल्याने माझ्या मते तो आणखी आधी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटायला हवा होता. काका तयार नव्हते. चिखलात ट्रॅक्टर चालत नाही आणि फवारणी वेळेवर झाली नाही तर अख्खी फूट जाईल, असं त्यांचं म्हणणं. बाग त्यांनी तीस वर्षं सांभाळली आहे. 28 मान्य केली.

7 ऑक्टोबर

तिन्ही वाणांची छाटणी झाली. पेठ-सुरगाण्याकडची नेहमीची टोळी वेळेवर आली. काडी जाड तिथे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. ग्रिलोचे डोळे कापसले आहेत, फुगून फुटायच्या बेतात.

29 ऑक्टोबर

दिवाळी झाली तरी पाऊस जाईना. टेम्प्रानिलोच्या पानांवर डाऊनीचे तेलकट डाग, ग्रिलोत घड वाढायचे थांबून जिरायला लागलेत, गोळा होऊन राहिलेले गोळीघड दिसतायत. दादा रोज फवारणीत गुंतलेला, फोनवर धड बोलणंही होत नाही. सांजोव्हेसेची फूट उशिराची, त्यामुळे ती वाचली.

डाऊनी मुळात अमेरिकेतून 1870 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पोचला आणि त्यावर तिथे जे निघालं तेच मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आज आमच्या पिंपात कालवलं जातं. वाण तिकडचा, रोग तिसरीकडचा, औषध पुन्हा तिकडचं. खायच्या द्राक्षातला बिनबियांचा थॉमसन तरी कुठे इथला होता? तासगावकडच्या शेतकऱ्यांनी त्याच्यातून तास-ए-गणेश निवडून काढला, तेव्हा तो खरा आपल्या मातीचा झाला. वाइनच्या वाणांत आपल्याकडे अशी निवड अजून कोणी फारशी केलेली नाही. आमच्या पाव-पाव एकरातून लगेच असं काही निघणार नाही, पण ओळीओळीची नोंद ठेवली तर निदान चांगला वेल कुठला ते पुढच्या पिढीला सापडेल. म्हणून दादाला प्रत्येक ओळीला क्रमांकाची पाटी लावायला सांगितलं आहे.

22 नोव्हेंबर

पाऊस थांबला, आता रात्रीची थंडी. डाऊनी आटोक्यात. ग्रिलोत घड कमी आहेत, पण आहेत ते मोकळे, हवा खेळणारे. पाणी बेताचं द्यायचं, जीए (मणी फुगवणारं जिबरेलिक आम्ल) नाही. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायचा असतो, वाइनच्या द्राक्षाला मणी लहान हवा, कारण रंग, वास आणि टॅनिन (तुरट द्रव्य) मुख्यतः सालीत असतं. काकांच्या हाताला इतक्या वर्षांची उलटी सवय आहे, तरी त्यांनी यंदा ठिबकचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने कमी केला, हे मला फार मोठं वाटतं.

24 डिसेंबर

ग्रिलोत पाणी उतरायला लागलं. मणी मऊ पडतोय, हिरवा रंग पिवळसर होतोय. टेम्प्रानिलोत एखाददुसरा मणी जांभळा.

नमुन्यांची पद्धत ठरवून घेतली, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. प्रत्येक वाणाचे दोनशे मणी. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्याचे, मधले आणि शेंड्याचे. कडेच्या ओळी सोडायच्या. मणी सकाळी ऊन चढण्याआधी तोडायचे, पिशवीवर वाण, खुंट, ओळ लिहायची आणि बर्फाच्या थर्माकोल पेटीत भरायचे. ती पेटी रात्री खायच्या द्राक्षांच्या पिकअपमध्ये क्रेटच्या वर ठेवायची. गाडी इगतपुरीहून समृद्धीवर चढते, आमण्याला उतरते आणि भिवंडी, ठाणे, ऐरोली करत पहाटे वाशीच्या फळबाजारात. जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटात अडकायची धास्ती गेली. अण्णा गाळ्यावर पेटी उतरवून घेतात. मी सानपाड्याहून जाऊन आणते आणि ऑफिसच्या आधी तपासते.

मणी पिशवीतच चिरडायचे, रस गाळून घ्यायचा. ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर, पीएच मीटरवर. आम्लासाठी 10 मिली रस, 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच 8.2 येईपर्यंत. ब्युरेटवरचे मिलीलिटर गुणिले 0.75 म्हणजे लिटरमागे टार्टरिकच्या हिशेबात ग्रॅम. घरी एवढं नीट होतं.

8 जानेवारी 2026

ग्रिलो: 17.2 ब्रिक्स, पीएच 3.08, आम्ल 9.8. बिया हिरव्या. अजून कच्चा आहे, पण आम्लाचा साठा उत्तम.

अण्णांनी मणी चाखून बघितला. ते माळकरी, वाइनला कधी ओठ लावला नाही आणि लावणार नाहीत. पण तीन दशकं द्राक्ष जिभेवर पारखलेला माणूस. म्हणाले, "हा आंबटपणा पुढे येतो आणि थांबतो. थॉमसनचा आंबटपणा मागे रेंगाळतो." आकडा मला कळतो, हे मला कळलं नसतं. यापुढे प्रत्येक नमुन्यापुढे त्यांचं मत लिहायचं.

19 जानेवारी

ग्रिलो: 19.6 ब्रिक्स, पीएच 3.19. ब्युरेटवर 11.2 मिली, म्हणजे आम्ल 8.4. अकरा दिवसांत साखर चढली तरी आम्ल जेमतेम दीड ग्रॅमने उतरलं. सिसिलीसारख्या तापलेल्या बेटावर हा वाण उगीच टिकलेला नाही. तो तिथल्याच कतारात्तो आणि झिबिब्बो या दोन वाणांच्या संकरातून आला. झिबिब्बो म्हणजे मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया. सुगंध त्या बाजूचा असावा, असं मणी चावताना जाणवतं. आम्ल दुसऱ्या बाजूचं.

दादाने रात्रीच्या तापमानाची नोंद पाठवली, पहाटे 9 ते 11 अंश. हीच दिंडोरीची खरी दौलत. सहाशे मीटर उंची, रात्री थंड, त्यामुळे मॅलिक आम्ल रात्री जळत नाही. इथे सोसायटीत एकांनी गच्चीवरच्या ड्रममध्ये द्राक्षवेल लावला आहे आणि नवी मुंबईत वाइनची द्राक्षं होतील का असं ते मला विचारत होते. मांडवाला सावलीपुरता वेल होईल. पण खाडीकाठच्या रात्री गार होत नाहीत आणि पावसाचे चार महिने डाऊनी पाठ सोडणार नाही. बाजार इथे, बाग घाटावर, हीच वाटणी बरोबर आहे.

27 जानेवारी

आज दोन पेट्या.

ग्रिलो: 21.4 ब्रिक्स, पीएच 3.28, आम्ल 7.3. बिया तपकिरी. अण्णा: "तोडा आता."

टेम्प्रानिलो, 110 आर: 20.6 ब्रिक्स, पीएच 3.46, आम्ल 6.2.
टेम्प्रानिलो, डॉगरिज: 20.8 ब्रिक्स, पीएच 3.58, आम्ल 5.7.

एकच वाण, एकच माती, छाटणी एकाच दिवशी, पाणी सारखं. फरक खुंटाचा. डॉगरिज पोटॅशियम जास्त ओढतो हे पुस्तकात होतं, आता आपल्या बागेत दिसलं. खारट पाणी आणि दुष्काळ यांना तोंड द्यायला डॉगरिज उत्तम, खायच्या द्राक्षाला त्याने महाराष्ट्रात तारलं. पण लाल वाइनच्या वाणाखाली तो मला नको आहे.

30 जानेवारी

ग्रिलोची तोडणी रात्री दोनला सुरू, सूर्य उगवायच्या आत संपली. डोक्याला दिवे लावून टोळीने काम केलं. फळ 13 अंशांवर आत आलं, थंड करायला वीज कमी लागली आणि सालीतला वास उडाला नाही. माल 720 किलो, दुपटीने यायला हवा होता. मे महिन्याच्या ढगांची ती किंमत.

प्रेसमधून 440 लिटर रस. 500 लिटरच्या टाकीत, 14–15 अंशांवर आंबवायला ठेवला. टार्टरिक आम्ल एक ग्रॅमही घालावं लागलं नाही. हे वाक्य लिहिताना मला खरंच आनंद होतो आहे.

(वाइनचे आकडे दादा वायनरीतल्या प्रयोगशाळेतून कळवतो. इकडे फक्त मणी येतात.)

5 फेब्रुवारी

टेम्प्रानिलो, 110 आर: 22.3 ब्रिक्स, पीएच 3.56, आम्ल 5.3.
टेम्प्रानिलो, डॉगरिज: 22.6 ब्रिक्स, पीएच 3.71, आम्ल 4.8.
सांजोव्हेसे: 18.9 ब्रिक्स, पीएच 3.24, आम्ल 8.1.

टेम्प्रानिलोची साखर झाली, पण बिया अजून हिरवट, सालीतलं टॅनिन जिभेला ओरखडतं. आणखी आठवडा ठेवला तर टॅनिन मऊ होईल, पण तोवर पीएच 3.8 ला जाईल. दिवसाचं तापमान 31 वर गेलंय.

पीएचमधला 0.2–0.3 चा फरक एवढा मनावर का घ्यायचा, असं वहिनी विचारत होत्या. आता वायनरीचा हिशेब त्या बघणार, म्हणून त्यांच्यासाठी इथे मांडते. वाइन टिकवायला गंधक, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, लागतो. त्यातला थोडासाच भाग जंतूंवर काम करतो आणि तो भाग किती असेल ते पीएचवर ठरतं. तेवढंच संरक्षण मिळवायला पीएच 3.4 असेल तर लिटरमागे सुमारे 32 मिलिग्रॅम मुक्त गंधक पुरतो. 3.6 ला सुमारे 50 लागतो. 3.8 ला 80 च्या घरात. म्हणजे वेलीवर आम्ल घालवलं की बाटलीत गंधक वाढवायचा. ज्या माणसाला आपण आपली वाइन पाजणार त्याच्या पेल्याशी याचा थेट संबंध आहे.

दादाशी बोलून ठरवलं, 8 तारखेला तोडायचं. थोडं तुरट चालेल, सपक नको.

9 फेब्रुवारी

टेम्प्रानिलो काल तोडला. दोन्ही खुंटांचा माल वेगळ्या टाक्यांत, हे मी हट्टाने करून घेतलं. चिरडल्यावर डॉगरिजच्या टाकीचा पीएच 3.74. त्यात लिटरमागे दोन ग्रॅम टार्टरिक घालून 3.55 वर आणला. 110 आर च्या टाकीला एक ग्रॅमच पुरला.

आम्ल घालणं यात काही गैर नाही. उष्ण देशांत सगळीकडे घालतात, नियमात बसतं, आणि ते आंबायच्या आधी घातलं तर वाइनमध्ये मिसळूनही जातं. तरी घातलेलं आम्ल सुरुवातीला एकटं, टोकदार लागतं. वेलीचं आम्ल फळाबरोबर येतं.

17 फेब्रुवारी

सांजोव्हेसे: 21.3 ब्रिक्स, पीएच 3.36, आम्ल 7.0.

बाजारात आता हापूसच्या पेट्या दिसायला लागल्या. गाळ्यांवर द्राक्षाच्या क्रेटना जागा कमी पडतेय. आमची थर्माकोल पेटी देवगडच्या पेट्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली होती, माथाडी मामांनी शोधून दिली. मणी गारच होते.

ग्रिलोची आंबवण आज संपली. साखर पूर्ण गेली, अल्कोहोल 12.2 टक्के, पीएच 3.31. दादा म्हणाला लिंबाच्या सालीचा वास येतो आणि मागे किंचित खारट. त्याचा आवाज ऐकूनच कळत होतं. सिसिलीच्या समुद्रकाठच्या ग्रिलोबद्दलही लोक तो खारटपणा सांगतात. आपल्याकडे समुद्र नाही, बागेपासून शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. तेव्हा हा गुण वाणाचाच असावा. मॅलोलॅक्टिक (जिवाणू मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक करतात ती दुसरी आंबवण) होऊ द्यायचं नाही, मॅलिक आम्ल आहे तसं राखायचं. यीस्टच्या गाळाबरोबर दोन महिने ठेवायचं.

25 फेब्रुवारी

सांजोव्हेसे: 22.8 ब्रिक्स, पीएच 3.45, आम्ल 6.3. बिया तपकिरी, चावल्यावर कडकड वाजतात.

दिवसाला 34 अंश असताना हे आम्ल टिकलं आहे. टेम्प्रानिलोपेक्षा अडीच आठवडे जास्त उन्हात राहून, जास्त साखर घेऊनसुद्धा त्याच्यापेक्षा लिटरमागे एक ग्रॅम पुढे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला, दिंडोरीहून कितीतरी गरम हवेत, सांजोव्हेसे का रुजलं ते आज आकड्यांत समजलं.

अण्णा: "आधी गोड, मग आंबट, मग परत गोड." दोन मणी जास्त घेतले.

28 फेब्रुवारी

सांजोव्हेसे काल पहाटे तोडलं, 1,060 किलो. थोडी घडकूज होती, साल पातळ असल्याने या वाणाला ती लागतेच. टेबलावर निवडून काढली.

काकांना रंगाची काळजी लागली आहे. टाकीतला रस माणकासारखा, पारदर्शक लाल. कॅबरनेच्या शाईसारख्या गडद रंगाची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला हे पाणचट वाटेल अशी भीती. सांजोव्हेसेचा रंग जात्याच फिका. त्यात दुसरा गडद वाण मिसळून तो झाकावा, असं एक मत आहे आणि टस्कनीतही तसं करतात. मला ते नको आहे. निदान पहिलं वर्ष हा वाण एकटाच बाटलीत जाऊ दे. आपण लोकांना रंग विकत राहिलो तर लोक चवीबद्दल कधी विचारणारच नाहीत. काका यावर काही बोलले नाहीत. दादाने माझी बाजू घेतली.

14 मार्च

न्हावा शेव्याहून ओकची दोन वापरलेली पिंपं सुटून आली. क्लिअरिंगच्या माणसाबरोबर उरणला मीच गेले. आपली थॉमसन ज्या बंदरातून रीफर (थंड) कंटेनरमध्ये बाहेर जाते त्याच बंदरातून पिंपं आत येतात. सांजोव्हेसे नव्या लाकडात घालायचं नाही, वास दबतो. जुनं पिंप बरोबर. टेम्प्रानिलोचे दोन्ही भाग टाकीतच राहतील, तुलना मोडायची नाही.

नवं काही मागवायचं का, यावरही बोलणं झालं. माझ्या मनात ग्रीसच्या सांतोरिनी बेटाचा असिर्टिको आहे, उन्हात आम्ल राखण्यात त्याची ख्याती. पण परदेशातून काडी आणायची तर 2003 च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि आल्यावर रोप वेगळं, देखरेखीखाली वाढवावं लागतं. हे नियम मला योग्य वाटतात. एका विषाणूबाधित काडीने सगळा तालुका धोक्यात येईल. म्हणून आडवाटेने काडी मिळते असं सांगणाऱ्या एकाला दादाने सरळ नाही म्हटलं. आधी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात चौकशी करायची, त्यांच्या संग्रहात काय आहे ते विचारायचं.

29 मार्च

तुलना. दादाने तिन्ही वाइनचे आकडे पाठवले, लाल दोन्हींचं मॅलोलॅक्टिक पूर्ण झालं आहे.

ग्रिलो: पीएच 3.30, आम्ल 6.6. बाहेरून आम्ल शून्य.
सांजोव्हेसे: पीएच 3.52, आम्ल 5.6. बाहेरून शून्य.
टेम्प्रानिलो, 110 आर: पीएच 3.64, आम्ल 5.1. एक ग्रॅम घातलेलं.
टेम्प्रानिलो, डॉगरिज: पीएच 3.79, आम्ल 4.7. दोन ग्रॅम घालूनही.

शेवटची ओळ बघा. आंबायच्या आधी 3.55 वर आणलेला पीएच परत 3.79 ला गेला, कारण पोटॅशियम सालीतून रसात उतरत राहिलं आणि घातलेलं टार्टरिक क्षार होऊन टाकीच्या भिंतीला चिकटलं. आम्ही विकत घेतलेल्या आम्लाचा बराचसा भाग आता तिथे स्फटिक होऊन बसला आहे. वेलीवर बिघडलेलं टाकीत पूर्ण सुधारत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला नको.

3 एप्रिल

खरड छाटणी यंदा लवकर उरकली. मेमध्ये पुन्हा ढग आले तरी डोळ्यांत घड धरण्याचे निदान पहिले काही आठवडे उन्हात जावेत म्हणून.

काका, दादा, वहिनी आणि मी रात्री फोनवर बसून पुढच्या हंगामाचं ठरवलं. टेम्प्रानिलोच्या डॉगरिजवरच्या ओळी मुळासकट काढायच्या. नुसतं त्याच खुंटावर सांजोव्हेसेचं कलम करून भागणार नाही, खुंट तोच राहील. त्यांच्या जागी 110 आर नव्याने लावायचा आणि पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी त्यावर सांजोव्हेसे. दोन वर्षांचं उत्पन्न जाईल. वहिनींनी हिशेब करून झेपेल असं सांगितलं. टेम्प्रानिलोच्या 110 आर च्या ओळी ठेवायच्या, पण त्यांची गोडी छाटणी 10 सप्टेंबरला. काका यंदा हो म्हणाले, मात्र त्या ओळींवर प्लास्टिकचं आच्छादन घालायचं या अटीवर. अट चांगली आहे, खर्चात धरली.

ग्रिलो अर्धा एकर वाढवायचा. जागा कॅबरनेच्या खालच्या तुकड्यातून काढायची, असं मी सुचवलं. काका म्हणाले, "कॅबरनेचं पुढल्या वर्षी बघू, आधी ग्रिलोच्या बाटल्या जाऊ देत." मग वरच्या पडीक वाफ्यात लावायचं ठरलं. मातीचा नमुना उद्याच्या गाडीने येतोय, आधी त्यातलं पोटॅशियम आणि चुनखडी बघते.